मल्खाचा उजवा कान

रबराची पाचर पियानोच्या तारांच्या मध्ये बसली होती, काळी, कडेनं झिजलेली, त्याच्या अंगठ्याच्या आकाराची झालेली — पण तिनं जी तार गप्प करायची ती गप्प झाली की नाही हे काही त्याला कळत नव्हतं, कारण जी बोलायची तीही बोलत नव्हती. त्यानं पुन्हा पट्टी दाबली. सगळ्यात उजवीकडची, शेवटची. टक्. लाकडावर नख मारावं तसा नुसता टक्, आणि त्याच्या मागे सूर म्हणून जे काही असायचं — सुईच्या टोकाएवढं का होईना, पण असायचं — ते नाही. त्यानं डावा कान पुढे केला, मान इतकी वळवली की शिरा ओढली. टक्. शेवटी त्यानं मनगटावर भरवसा टाकला. किल्ली खुंटीवर चढवून जरासं वर घेतलं, मग अजून जरासं, कारण ऐकू न येणारा सूर माणसाला नेहमी उतरलेलाच वाटतो. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! सुनेला शिकवताना त्यानंच सांगितलं होतं, की म्हातारे पियानो लावणारे वरच्या पट्ट्या चढवून ठेवतात, लावलेल्या पियानोवरून लावणाऱ्याचं वय सांगता येतं. आणि सांगून स्वतःच खो खो हसला होता. तेव्हा हसायला काय जात होतं!

“मास्तर, आज अर्ध्यावर सोडलं तरी चालेल की,” प्रार्थनागृहाची झाडलोट करणारी मावशी बाकांमधून केरसुणी काढत त्याच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाली. “सूनबाई येतीलच ना शेवटचा हात फिरवायला.”

उजव्या बाजूला उभी राहून म्हणाली असती तर सगळं वाऱ्यावर गेलं असतं. पण नशीब असं, की ती डावीकडे होती.

“काय म्हणालात?”

“अहो, तुम्ही गेलात की येतात ना त्या. मागच्या वेळी आल्या, त्याच्या आधीही आल्या होत्या. इथेच, या टोकाला टिणटिण करत बसतात. मी म्हटलंसुद्धा, बाई गं, दोघांनी मिळूनच करायचं तर एकदमच का येत नाही? तर नुसत्या हसल्या.”

तो वाकलेलाच राहिला. खुंट्यांच्या रांगेकडे बघत राहिला.

“मीच सांगितलंय तिला,” तो म्हणाला. “मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. तारा बसायला.”

“तेच म्हटलं मी,” मावशी म्हणाली आणि केर भरायला गेली.

तारा बसायला! तोंडातून कसं सफाईनं गेलं ते. त्यानं किल्ली खाली ठेवली; रागाच्या भरात खुंटीला हात लावू नये एवढं शहाणपण अजून शिल्लक होतं. म्हणजे हे असं चालू आहे. म्हणजे मागच्या वेळी पाळकानं पाठीवर थाप मारून ‘मास्तर, वरचे सूर काय सुरेख लागलेत हो’ म्हटलं होतं — आणि आपण घरी जाऊन बायकोला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं, जेवताना, आणि सून समोर बसून खाली मान घालून जेवत होती... तिनं तेव्हा पाणी वाढलं होतं. ‘अजून घ्या ना बाबा’ म्हणाली होती. वा रे वा. घ्या ना बाबा.

कानामागून आली आणि तिखट झाली. त्याची आई ही म्हण दर दोन दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या नावानं म्हणायची, आणि त्याला तिचा तो सूर मुळीच आवडायचा नाही. आता ती म्हण त्याच्याच तोंडात येऊन बसली होती, आपलं घर असल्यासारखी.

आणि आली तेव्हा काय कौतुक! मुलाचं काय सांगावं — कुकरची शिटी आणि बासरी त्याला एकच. बापाच्या पोटी असला दगड कसा जन्मला याचं सगळ्या घराला नवल. त्या दगडानं लग्न करून ही आणली. पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती आणि हा पुढच्या खोलीत कुणाचा तरी जुनाट पियानो उघडून बसला होता, तर आतून आवाज आला, “बाबा, ती एक जरा कुरकुरतेय का हो?” कुठली एक म्हणून विचारलं, तर सालं हातात धरून बाहेर आली आणि बोट ठेवलं. बरोबर तिच्यावर. दोन तारा जवळजवळ एक झालेल्या असतात पण झालेल्या नसतात, तेव्हा सुरात एक हेलकावा राहतो, अगदी मंद, बघणाऱ्याला दिसू नये अशी नाव हलावी तसा; तो ऐकायला शिकण्यात त्याची स्वतःची काही वर्षं गेली होती. हिनं मटार सोलता सोलता ऐकला. तो धावत आत गेला होता आणि बायकोला म्हणाला होता, “अगं, आपल्या घरात कान आलाय, कान!” बायको म्हणाली होती, “दोन आलेत. आणि आधी तिला जेवू द्या.”

मग काय, शिकवलं. किल्ली नवी आणून दिली, हो, मीच दिली, माझ्या किल्लीपेक्षा चांगली. गावभर मिरवलं. ‘माझी सून’, ‘माझी सून’. लोकांच्या घरी तिला घेऊन जायचा तेव्हा छाती पुढे निघायची. मग एक दिवस तो एकटा गेला, तर दार उघडणाऱ्या बाईनं त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि विचारलं, “सूनबाई नाही आल्या?” एवढंच. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण तिथून काहीतरी कुसळासारखं घुसलं आणि निघायलाच तयार नाही.

तेव्हापासून हा माणूस काय काय बघत आला, कुणाला सांगितलं तर लोक तोंडात बोटं घालतील. न्हाणीघरातला नळ पहाटे ठिबकायला लागला की तिला जाग येते, ती उठून घट्ट करते, आणि सकाळी बायको म्हणते, ‘तिला ऐकू आलं बघा लगेच’ — तर या ‘लगेच’चा त्याला राग. दोघी ओट्यापाशी हळू आवाजात बोलत असतात, त्याच्याबद्दल नसेल, भाजीबद्दल असेल, पण ती बायकोचं पुटपुटणं ऐकते आणि उत्तर देते, आणि ते पुटपुटणं इतकी वर्षं त्याचं होतं! बायको पुटपुटायची आणि हा दुसऱ्या खोलीतून ‘ऐकलं बरं का’ म्हणून ओरडायचा, हा त्यांचा खेळ होता. आता बायको त्याच्याशी मोठ्यानं बोलते. एक एक शब्द सुटा करून, जणू तो परगावाहून आलाय.

आणि तिचे ते कान. लहानसे, बारीक खडे घातलेले, केसांत लपलेले. त्यांची तिला किंमत तरी आहे? शेजारचं कुत्रं भुंकतं म्हणून कापसाचे बोळे घालून झोपते! दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं जग म्हणतं. इथे तर बयेकडे दोन्ही आहेत आणि वर म्हणते चण्यांचा आवाज होतो. मागे एकदा तिला सर्दी झाली आणि कानांत दडे बसले. ‘बाबा, काही ऐकूच येत नाही हो,’ असं रडवेल्या तोंडानं सांगत आली. त्यानं आल्याचा काढा करून दिला, वाफ घ्यायला लावली, डोक्यावर टॉवेल धरला — आणि ते दिवस तो घरात शीळ घालत फिरत होता. बायकोनं विचारलं, आज काय एवढं? तो म्हणाला, हवा छान आहे. हवा! दडे सुटले तेव्हा ती आनंदानं टाळ्या वाजवत बाहेर आली, आणि शीळ बंद झाली. हे बायकोच्या ध्यानात आलं असेल का? आलं असणार. तिच्या काय ध्यानात येत नाही?

“झालं का मास्तर?” पाळक आत आला होता. उंच, घाईचा, बोलका माणूस. बोलताना हात चालायचे. त्यानं पियानोच्या टोकाची एक पट्टी बोटानं दाबली आणि काही बोलला नाही. त्या न बोलण्याकडे याचं बारीक लक्ष होतं. पाळकाला सूर चढलेला कळला का? का नुसतंच वाजवलं? का यालाही माहीत आहे — प्रार्थनागृहाच्या किल्ल्या कोण देतं तिला, दार कोण उघडतं?

“होत आलं,” तो म्हणाला, आणि विषय बदलायचा म्हणून, किंवा मघापासून डोळे सारखे तिकडेच जात होते म्हणून, त्यानं भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. “हा कोण हो? इतकी वर्षं बघतोय, कधी विचारलं नाही.”

मोठं, धुरकट चित्र होतं. रात्र, झाडं, मशाली, गर्दी. मध्ये उजेडात धरलेला माणूस, शेजारी तलवारवाला. आणि खाली कोपऱ्यात एक जण गुडघ्यावर पडलेला, हात कानावर, बोटांतून रक्त. चित्रकारानं चांगले रंग वरच्यांसाठी वापरले होते. याच्या तोंडावर नुसता तपकिरी.

“तो? तो मल्ख,” पाळक म्हणाला. “प्रमुख याजकाचा नोकर. येशूला धरायला आले त्यांच्यात होता. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, तलवार उपसली — आता मासे धरणाऱ्याच्या हातात तलवार, मानेवर मारायची ती बसली कानावर. उजवा कान. पार तुटला.”

“मग?”

“मग काय, ज्याला बांधायला आले होते त्यानंच हात लावला आणि बरा केला.”

“मागितला होता त्यानं?”

“कुणी?”

“या मल्खानं. म्हणाला होता का, की माझा कान द्या परत?”

पाळकाचे हात थांबले. “नाही बुवा. मागितल्याचं कुठेच नाही. आणि मागणार कुठल्या तोंडानं? आला होता दोर घेऊन.” मग त्याला हुरूप आला. “नावाचा अर्थ ठाऊक आहे? मल्ख म्हणजे राजा. आता बोला! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसऱ्याच्या घरी पाणी भरणारा राजा.”

“आईबापांनी हौसेनं ठेवलं असेल.”

“असेल. पण खरी गंमत पुढेच आहे. ही हकिगत बायबलात चौघांनी लिहिली. कान चौघांच्याही लिहिण्यात तुटतो. पण नाव सांगतो तो एकटा योहान — आणि तो कान जोडल्याचं काही बोलत नाही. कान जोडल्याचं सांगतो तो एकटा लूक — आणि तो नाव सांगत नाही.” पाळकानं दोन्ही हात तराजूसारखे धरले. “इकडे नाव आहे, कान नाही. तिकडे कान आहे, नाव नाही.”

“मग खरं कुठलं?”

“दोन्ही खरं. तेच तर आहे मास्तर,” पाळक हसला. “बरं, नावावरून आठवलं. उद्या ज्या बाई वाजवायला येणार आहेत ना, त्यांची एक पद्धत आहे. वाजवायला बसण्याआधी उभ्या राहतात आणि पियानो कुणी लावला त्याचं नाव सगळ्यांसमोर घेतात. म्हणतात, निम्मं वाजवणं त्याचं. तेव्हा मला नाव सांगून ठेवा. तुमचंच सांगू ना?”

‘ना’ का लावला यानं शेवटी? सहज? लोक लावतातच. की दार उघडं ठेवून बघतोय, मी कुठून बाहेर पडतो ते?

“माझंच,” तो म्हणाला. “दुसरं कुणाचं?” आणि त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. पाळक मान डोलवून आपल्या खोलीत गेला.

त्यानं पियानोचं झाकण लावलं, किल्ली-पाचरी पिशवीत टाकल्या, मावशीला ऐकू जाईल असं “येतो हं” म्हटलं आणि दारापर्यंत गेला. मावशी बादली घेऊन अंगणात निघाली होती. ती वळल्यावर तो परत फिरला आणि गाणारे लोक बसतात त्या वरच्या सज्ज्याकडे जाणारा लाकडी जिना चढला, कडेकडेनं, पायऱ्या वाजू नयेत म्हणून — वाजल्या तरी त्याला कळणार नव्हतं, हे अर्ध्यावर गेल्यावर लक्षात आलं. वर धूळ होती, बाकं होती. कठड्याआड तो बसला. सगळा जन्म या कामात गेला आणि आता कामाच्या जागी चोरासारखा दडून बसायची पाळी आली, शाब्बास रे पठ्ठ्या.

काय करायचं होतं त्याला? रंगेहाथ पकडायचं होतं. ती अगदी रंगात आली की वरून म्हणायचं, ‘काय चाललंय?’ फक्त एवढंच. मग ती दचकेल, किल्ली हातातून पडेल. पडण्याचा आवाज तरी येईल की नाही आपल्याला? किल्ली जड असते. येईल.

वरून चित्र तिरकं दिसत होतं. मल्ख तर दिसतच नव्हता. त्याला मल्खाचा राग यायला लागला होता आणि हे हास्यास्पद आहे हेही कळत होतं. दोर घेऊन आला, दुसऱ्याला बांधायला आला, मागितलं नाही, हात जोडले नाहीत, आणि कान मिळाला. आणि आपण? आपण डॉक्टर केले, थेंब घातले, गरम तेल घातलं, देवाला... जाऊ दे. घरी गेला असेल त्या रात्री. बायकोनं विचारलं असेल, अंगरख्यावर रक्त कसलं? तो म्हणाला असेल, माझं. कुठं लागलं? आणि दाखवायला काहीच नाही! दोन्ही कान जिथल्या तिथे. कुणाचा विश्वास बसला असेल? आणि मग तो रात्रभर जागा राहून त्याच कानानं ऐकत असेल — बायकोचा श्वास, भिंतीतला उंदीर. नाव राजा असून जे मिळालं नाही ते त्या एका रात्रीत मिळालं. नाव घेऊन काय चाटायचंय? पण असं म्हणायला आधी कान मिळायला हवा ना. तुटक्या कानाच्या मल्खाला विचारा, बाबा रे, निदान नाव तरी राहू दे म्हणेल...

ती आली.

कधी आली ते कळलं नाही. बघतो तर पियानोजवळ. भाजीची पिशवी तिनं बाकावर ठेवली, चपला बाजूला काढल्या, झाकण उघडलं. केस मागे घेऊन पिनेनं अडकवले. आधी मधल्या पट्ट्या वाजवल्या, त्याच्या पट्ट्या, आणि त्या त्याला ऐकू आल्या, इतक्या वरही, भरदार, एकजीव — बघ, बघ, त्यांत काही सापडतंय का! तिला काही सापडलं नाही. तिनं त्यांना हातही लावला नाही. मग ती उजवीकडे सरकली, आणि त्याला वर नुसतं टक् टक् ऐकू येऊ लागलं.

मावशी बादली घेऊन आत आली. थांबली. काहीतरी विचारलं. सुनेनं मान न वळवता उत्तर दिलं — लांब उत्तर होतं, ओठ बराच वेळ हलले — आणि मावशी कमरेवर हात ठेवून हसली.

काय म्हणाली? काय म्हणाली ती? तो कठड्यावर इतका वाकला की कपाळ लाकडाला लागलं. ‘म्हातारा बहिरा झालाय’ म्हणाली? ‘मलाच निस्तरावं लागतं’ म्हणाली? की भाजी महाग झाली म्हणाली? कुठलंही वाक्य त्या ओठांवर बसत होतं, आणि तो एकेक बसवून बघत होता, सगळ्यात वाईट ते पुन्हा पुन्हा. एवढं एक ऐकू येऊ दे. सूर राहू देत, नाव राहू दे, ही बाई माझ्यामागे माझ्याबद्दल काय बोलते एवढं... ओरडायचं होतं ते आत्ता. तोंड उघडलंही होतं त्यानं.

पण ती शेवटच्या पट्टीवर आली होती. त्यानं बघितलं, तिचं तोंड जरासं उघडं होतं. डोळे मिटलेले नव्हते, कुठेतरी पियानोच्या पायाकडे लागले होते, आणि डावा खांदा वर गेला होता. हे त्यानं तिला कधी शिकवलं नव्हतं. बायको नेहमी म्हणायची, लावायला बसलात की तोंड उघडं टाकून बसता, माशी जाईल. तेच. तसंच्या तसं. तिनं किल्ली फिरवली, वाजवलं, पुन्हा फिरवली. वाजवलं. जमेना. खुंटी त्यानंच चढवून ठेवलेली, ती आता उतरून जागेवर बसत नव्हती. अशा वेळी माणूस आधी जास्त खाली नेतो आणि मग घाबरून जास्त वर आणतो. तिनं खाली नेलं. आता वर आणेल. आणलं. मनगट पुढे गेलं, जेवढं जायचं त्याहून केसभर जास्त.

“जास्त झालं,” तो म्हणाला. ओठांतल्या ओठांत, त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही. “उतरव. जरासं. घाई नको... हात सैल सोड.”

ती थांबली. हात झटकून मोकळा केला. पुन्हा किल्ली धरली आणि उतरवलं, इतकं थोडं की दुसऱ्या कुणाला मनगट हललेलं दिसलंही नसतं. टक्. टक्. टक्. मग तिचा खांदा खाली आला, आणि त्याचाही आला. लागला होता. ऐकू काहीच आलं नव्हतं, पण लागला होता हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्यानं कठड्यावर हलकेच थाप मारली.

आणि मग तो दचकला. कारण मघापासून, तिनं त्या शेवटच्या पट्टीला हात घातल्यापासून, तिचं चुकावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

हेवा गेला नव्हता हो. तो कुठे जातो! तो होता तिथेच होता, मांडी घालून. मावशी का हसली हेही अजून कळलं नव्हतं. पण त्याच्या शेजारी हे एक भलतंच येऊन बसलं होतं, आणि दोघांना एका बाकावर जागा कशी करून द्यायची ते त्याला सुचेना. खाली ती पाचरी गोळा करत होती. पाळकाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आत तो कुणाशी तरी हातवारे करत बोलत होता. सांगितलेलं नाव अजून त्या एका माणसापाशीच होतं. उद्यापर्यंत तिथेच राहणार होतं.

त्यानं सुनेचं पूर्ण नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, मघाशी स्वतःचं सांगितलं होतं तसं, अगदी सावकाश, समोर भरलेलं सभागृह असल्यासारखं. कडू लागलं. थोडं थांबून त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं.